सोंग आणि दान

सांबऱ्यातील पुष्कळशा मराठी घरांतून संध्याकाळी कान देऊन ऐकावे, तर मुले तीन-चार भाषांतून सहज ये-जा करताना आढळतात. शाळेची भाषा इंग्रजी किंवा कन्नड, हवाई दलाच्या वसाहतीतल्या सवंगड्यांशी हिंदी, आणि मराठी उरते ती "जेवायला वाढ", "माझी चप्पल कुठे आहे", "उद्या डबा नको" एवढ्यापुरती. मुले मराठी विसरली आहेत असे नव्हे. मराठीत काही घडवून आणण्याचे कारणच त्यांना उरलेले नाही. घासाघीस करणे, समजूत घालणे, थाप मारणे, दरडावणे, क्षमा मागणे, शब्द देणे आणि तो मोडणे ही भाषेची खरी कामे. ती हल्ली एक तर दुसऱ्या भाषेत उरकतात, नाही तर पडद्यावरची पात्रे मुलांच्या वतीने करून टाकतात.

या महिन्यात ज्या खेळाविषयी लिहावयाचे आहे, तो परदेशातून आलेला असला तरी नेमकी हीच कामे मुलांकडून एका बैठकीत दोन-दोन तास करवून घेतो, म्हणून त्याचा परिचय आपल्या घरांना करून द्यावासा वाटतो.

खेळाचे मूळ स्वरूप चार वाक्यांत सांगता येते. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे तिघे-चौघे प्रत्येकी एक सोंग घेतात : कोणी वैद्य, कोणी जासूद, कोणी गारुडी. सूत्रधार विचारतो, "आता तुम्ही काय करता?" आणि ज्याने त्याने आपल्या सोंगाच्या तोंडून उत्तर द्यावयाचे. उत्तराचा परिणाम उघड असेल तर सूत्रधार तो सांगून मोकळा होतो. संशयाची जागा असेल तर फासे टाकावयाचे. येथे पट नसला तरी चालते, डाव नसतो, आणि शेवटी कोणी एक जिंकत नाही. सगळे मिळून तरतात किंवा सगळे मिळून फसतात.

हा प्रकार छापील स्वरूपात प्रथम १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरे आणि अग्निसर्प. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. आज जगभर त्याचा प्रसार आहे आणि त्याच्या धर्तीवर निघालेल्या खेळांची गणती करणे अवघड आहे. मात्र त्याची मुळे आणखी मागे जातात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून घेणारा एक पंच असे, आणि चकमकीचा निकाल फाशांवर लागे. पुढे १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्नुआ या दुसऱ्या अधिकाऱ्याने सुचविले की नियमांचे जाडजूड पुस्तक बाजूला ठेवावे आणि अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवावी. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचे गाव; आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी फौजेतून निवृत्त झालेले काका-आजोबा आहेत. वाळूत टेकड्या, नाले आणि वाटा मांडून "शत्रू येथून आला तर तू काय करशील?" असे विचारण्याची लष्करी पद्धत त्यांना ठाऊक असते. अशा आजोबांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. उलट सूत्रधाराच्या जागेवर त्यांच्याइतका योग्य माणूस सहसा सापडत नाही.

सोंगाची बाजू तर आपल्याला त्याहूनही जवळची आहे. कोकण-गोव्याकडच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि प्रवेशांचा क्रम काय एवढे आधी ठरते, आणि मग राजा, राक्षस, नारद आपापली वाक्ये उभ्या उभ्या रचतात. आपल्या सीमाभागात सोंगी भजन ऐकलेली पिढी अजून आहे. आणि खाली कर्नाटकाच्या किनारपट्टीवर यक्षगानाचा ताळमद्दळे नावाचा जो बैठा प्रकार आहे, त्यात तर वेष नाही, रंग नाही, नाच नाही. कलावंत साध्या कपड्यांत मांडी घालून बसतात आणि कृष्ण किंवा कर्ण होऊन तासन् तास उत्स्फूर्त वाद घालतात. ताळमद्दळेच्या मध्यभागी फासे ठेवले आणि कथेचा शेवट आधी कोणालाच माहीत नाही असे ठरविले, की लेक जिनीव्हाचा खेळ तयार होतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता आरंभ कसा करावा ते पाहू.

अधिकृत पुस्तके आणण्याची घाई करू नये. मुख्य पुस्तकाची अमेरिकेतील किंमत सुमारे पन्नास डॉलर आहे, आणि त्यातील शेकडो पृष्ठे पाहून उत्साही मनुष्यही पहिल्याच आठवड्यात थकतो. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ सालापासून मुक्त परवान्याखाली महाजालावर विनामूल्य मिळतो. सवड असेल त्याने तो जरूर वाचावा. पण पहिल्या चार-पाच बैठकींना अर्ध्या पानाचे नियम पुरतात. मूळ खेळात वीस पैलूंचा फासा लागतो. तो मिळेपर्यंत एक ते वीस आकडे लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या तांब्यात घालून त्यातली एक उचलली, आकडा पाहून पुन्हा आत टाकली, तरी गणित तेच राहते. माझा स्वतःचा कल मात्र ल्युडोच्या दोन साध्या फाशांकडे आहे, कारण ते प्रत्येक घरात असतात.

प्रत्येक सोंगाला चार गुण द्यावेत : बळ, चपळाई, चातुर्य आणि वाणी. खेळणाऱ्याने आपल्या मनाने त्यांपैकी एकाला दोन, एकाला एक, एकाला शून्य आणि उरलेल्याला उणे एक असे अंक वाटून घ्यावेत. संशयाचा प्रसंग आला की दोन फासे टाकून बेरीज करावी आणि त्या कामाला लागणाऱ्या गुणाचा अंक तीत मिळवावा. दहा किंवा अधिक आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होते, पण काहीतरी किंमत मोजावी लागते. सहा किंवा कमी आले तर फजिती, आणि पुढे काय ओढवले ते सूत्रधार सांगतो. ही तीन निकालांची युक्ती व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर या अमेरिकन दांपत्याच्या २०१० सालच्या एका खेळातून रूढ झाली. तिचे मर्म छत्तीस शक्यतांचा हिशोब मांडला की कळते. गुण शून्य असेल तर पंधरा वेळा फजिती, पंधरा वेळा मधला निकाल आणि केवळ सहा वेळा निर्भेळ यश. गुण दोन असेल तर फजिती सहावर येते आणि यश पंधरावर जाते. मधला निकाल मात्र पंधराच राहतो. उणे एक असेल तर एकवीस वेळा फजिती ठरलेली. मोठ्या मुलांना हा तक्ता स्वतः मांडू द्यावा. संभाव्यतेचा धडा शाळेत येण्याआधी घरी होऊन जातो.

खेळाची गोडी त्या मधल्या निकालात आहे. एक नमुना देतो. सूत्रधार आजी आहेत. गावच्या विहिरीचे पाणी कडू झाले आहे, आणि त्यावरचा उतारा भीमगडाच्या रानातल्या एका गुहेत आहे, एवढे मुलांना ठाऊक आहे.

"तुम्ही गुहेच्या तोंडाशी पोचलात. आतून गार वारा येतो आहे, आणि वर छताशी काहीतरी सळसळते आहे. आता काय करता?"

"आजी, मी चूड पेटवते."

"पेटव. उजेड पडताच दिसले की छताला शेकडो वटवाघळे लोंबकळत आहेत. कान हे एवढे मोठे. सगळी एकदम जागी झाली."

"थांब गा, कोणी दगड मारू नका. मी त्यांना सांगतो, आम्ही तुम्हांला काही करणार नाही."

"वटवाघळांना तुझी भाषा कशी कळणार?"

"माझा आजा वैदू होता. त्यानं मला शिकवलीय."

येथे घाईचा सूत्रधार "असे काही नसते" म्हणून मोकळा होतो आणि खेळ तेथेच मरतो. जाणती आजी म्हणते, "बरे, मग टाक दान. वाणीचे." फाशांवर चार आणि चार पडतात, वाणीचा एक मिळवून नऊ. मधला निकाल. "त्यांना तुझे बोलणे कळले. म्हातारे वटवाघूळ म्हणते, आत जा, पण तो जाळ विझवून जा." आता चौघांना काळोखात जावयाचे आहे, आणि पुढची वीस मिनिटे ती मुले विझवावे की विझवू नये यावर मराठीत जे भांडतात, ते कोणत्याही वक्तृत्व स्पर्धेपेक्षा ऐकण्याजोगे असते.

ही गुहा कल्पनेतली नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या मोठ्या कानांच्या वटवाघळाची शास्त्रात १९१३ साली नोंद झाली. राउटनचे वटवाघूळ या नावाने ते ओळखले जाते, आणि कित्येक दशके जगात त्याचे हे एकच वसतिस्थान ठाऊक होते. भीमगडाचे रान आता अभयारण्य आहे, तेव्हा मुलांना खेळाच्या निमित्ताने तेथे आत शिरण्याचे वेड लागू देऊ नये. सांगण्याचा मुद्दा असा की, साहसाची जागा शोधण्यासाठी युरोपातले बर्फाळ डोंगर धुंडाळावे लागत नाहीत. येळ्ळूरजवळचा राजहंसगड, बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, चंदगडकडचे पारगड आणि कलानिधीगड, इतके साहित्य हाताशी आहे. मुलाने पाहिलेली जागा असली की त्याला सोंग घेणे सोपे जाते. पायऱ्या किती आणि वारा कुठून येतो हे त्याला सांगावे लागत नाही.

भुताखेतांचीही तीच गोष्ट. अमेरिकन मंडळींनी १९७७ साली राक्षसांचा एक स्वतंत्र कोशच काढला. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी तो पूर्वीच तयार होता. पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्यावर वाट चुकवणारा गिऱ्हा, शिवेवर राखण करणारा देवचार, शिवाय खवीस, झोटिंग, जखीण आणि समंध. या प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला आहे, प्रत्येकाची एक मागणी आहे आणि प्रत्येकाला चुकविण्याची एक रीत आहे. खेळाला याहून अधिक काय हवे? यांतील बहुतेकांशी लढावे लागत नाही, बोलावे लागते. देवचार भाकरी मागतो, ती द्यावयाची की त्याला गंडवावयाचे, हा प्रश्न तलवारीच्या दहा वारांपेक्षा रंगतो. ज्यांच्या घरी वेताळाच्या कथा किंवा जुन्या 'चांदोबा'चे अंक असतील, त्यांना कथानकांचा दुष्काळ पडणार नाही.

दोन पथ्ये मात्र सांगितली पाहिजेत. गावच्या देवीला किंवा घरच्या दैवताला खेळात पात्र म्हणून आणू नये. उद्या दान उलटे पडले तर कोणाच्या तरी घरी मन दुखावते. आणि शिवछत्रपतींचे सोंग कोणा मुलाला देऊ नये. यात भक्तिभावाचा प्रश्न आहेच, पण खेळाच्या दृष्टीनेही ते गैरसोयीचे आहे. महाराजांनी काय केले हे सर्वांना पाठ आहे, त्यामुळे "तू काय करशील?" या प्रश्नाला अर्थ राहत नाही. त्यापेक्षा गडावरचा जासूद, पखालजी, लोहार किंवा गोंधळी व्हावे. इतिहासाने त्यांच्याविषयी फारसे काही लिहून ठेवलेले नाही, म्हणून त्यांना मोकळीक आहे.

सूत्रधाराने काय करू नये याची यादी खरे तर मोठी आहे. सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याने आधीच गोष्ट रचून ठेवणे आणि मुलांना मेंढरांसारखे तिकडे हाकणे. कीर्तनकाराला ते शोभते, येथे नाही. सूत्रधाराने जागा, संकट आणि तेथल्या दोन-तीन पात्रांचे हेतू एवढेच तयार ठेवावे, आणि उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही अशा तयारीने बसावे. धीट मूल सगळ्यांच्या वतीने बोलू लागते; तेव्हा त्याला न रागावता लाजाळू मुलाकडे वळून, "आणि गोंधळीबुवा, तुम्ही त्या वेळी कुठे उभे आहात?" असे सरळ विचारावे. पहिल्या काही बैठकींत कोणाचे सोंग मरू देऊ नये. पाय मुरगळावा, वाट चुकावी, ऋण व्हावे. चार खेळणारे पुष्कळ झाले. सहा झाले की निम्मी मंडळी जांभया देतात. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र सोंग न देता कोणाच्या तरी पोपटाचे किंवा कुत्र्याचे सोंग द्यावे. ते बहुधा सगळ्यांत भाव खाऊन जाते.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहावयास हवे. खेळ चालू असताना मुलाची मराठी सुधारू नये. "तो नदी" म्हणाला तरी सूत्रधाराने त्याला न टोकता आपल्या पुढच्या वाक्यात "ती नदी आता दुथडी भरली आहे" असे म्हणावे आणि पुढे जावे. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला नदी आपोआप स्त्रीलिंगी होते. मुलाला शब्द अडला तर तो त्याने कन्नडातून किंवा इंग्रजीतून घ्यावा. सूत्रधाराने मात्र आपली मराठी सैल सोडू नये. खिंड, कडा, चोरवाट, भुयार, तटबंदी, दिंडीदरवाजा हे शब्द पुस्तकात वाचून मुलांना कळत नाहीत, पण भुयारातून बाहेर पडण्याचा प्रश्न जिवावर आला की दिंडीदरवाजा म्हणजे काय हे एका वाक्यात समजते. आणि शेजारचे कन्नड मूल किंवा वसाहतीतला हिंदी बोलणारा मित्र खेळायला आला तर त्याला बाहेर ठेवण्याचे कारण नाही. तो गोकाकचा व्यापारी व्हावा किंवा उत्तरेकडून आलेला बैरागी व्हावा आणि आपल्या भाषेत बोलावा. त्याचे बोलणे इतरांना उलगडून सांगणारा एक दुभाषी आपल्या मुलांतूनच उभा राहतो, आणि मराठीत नीट सांगण्याची गरज त्याला प्रथमच जाणवते. सीमाभागातल्या मुलांना ही सोय घरबसल्या मिळते. पुण्याच्या मुलांना ती मिळणे कठीण.

वडीलधाऱ्यांचे दोन आक्षेप हमखास येतात. फासे म्हटले की त्यांना शकुनी आठवतो. येथे पण लावलेला नसतो आणि हरणाऱ्याचे काही जात नाही, एवढे सांगितले की तो आक्षेप मिटतो. दुसरा आक्षेप भुतांचा. अमेरिकेतही १९८०च्या दशकात या खेळाने मुले जादूटोण्याच्या नादी लागतात अशी ओरड पालकांच्या काही संघटनांनी केली होती. ती निराधार ठरली. तरीही ज्या घरी एखादे मूल रात्री दचकून उठते, तेथे खवीस-समंधांना सुट्टी द्यावी आणि चोर, पूर, हरवलेली गुरे यांवर काम चालवावे. गोष्ट तेवढीच रंगते. बैठक दोन तासांत संपवावी आणि शक्यतो उत्कंठेच्या जागी तोडावी. आठवडाभर मुले जिन्यात, बसमध्ये, जेवताना पुढचा बेत ठरवीत राहतात, आणि त्या बेताची भाषा अर्थातच खेळाची भाषा असते.

खेळणाऱ्यांपैकी एकाला बखरकार नेमावे. झाले ते त्याने वहीत लिहावे, अर्धे पानच का होईना. पुढच्या बैठकीचा आरंभ त्या बखरीच्या वाचनाने करावा. ज्याचे शौर्य बखरीत आले नाही तो लगेच तक्रार करतो आणि पुढच्या वेळी वही स्वतःकडे मागून घेतो. आपल्याकडे गावोगाव साहित्य संमेलने भरतात, कडोलीस, उचगावास, आपल्या सांबऱ्यासही. तेथे व्यासपीठावरून मराठीची चिंता होते ती योग्यच आहे. मांडवात बसलेल्या मुलांच्या हाती मात्र अशी एखादी वही क्वचितच असते.

मुहूर्ताचे विचाराल तर दिवाळीची सुटी सर्वांत चांगली. बेळगाव भागातली मुले अंगणात माती-दगडांचे किल्ले बांधतात, बुरूज चढवितात, आळीव पेरून हिरवळ उगवितात, चित्रे मांडतात, आणि चार दिवसांनी तो किल्ला तसाच पावसा-उन्हात विरघळतो. या वर्षी तो मोडू देण्याआधी संध्याकाळी त्याभोवती सतरंजी टाकून बसावे. तटावरच्या एका मावळ्याला उचलून मुलाच्या हातात द्यावे आणि विचारावे : "रात्रीचा दुसरा प्रहर आहे. पायथ्याशी दिवे हलताना दिसत आहेत. तुझे नाव काय, आणि तू काय करतोस?"